सावड कुणाशी करायची?

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. ओढ्यावरचे दोन बंधारे गाळाने भरलेत. पावसाआधी ते मोकळे करायचे म्हणून ग्रामसभेत श्रमदानाचा ठराव झाला. पहिल्या रविवारी चाळीसेक माणसं आली, दुसऱ्या रविवारी अकरा, तिसऱ्या रविवारी सरपंच, भाऊ आणि शाळेतले दोन गुरुजी. मग गावच्या ग्रुपवर वाद पेटला. एकाचं म्हणणं, घरटी एक माणूस सक्तीने आणा, न येईल त्याला दंड करा. दुसऱ्याचं म्हणणं, २०१६ साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या वेळी ४५ दिवस हेच गाव उन्हात खपलं होतं, आता माणसंच स्वार्थी झालीत. त्यावर रोजंदारीला जाणाऱ्या एका मावशीने व्हॉइस मेसेज टाकला. भावाने तो मला पाठवला.

"तवा म्या बी टिकाव मारला. पानी वाढलं ते विहिरीवाल्यांचं. मला विहीर न्हाई. आता गाळ काढायचा, त्यो बी ज्याला शेत हाय त्याच्याच शेतात पडनार. मग म्या काय म्हून यायचं?"

भाऊ म्हणाला, "ताई, तुमच्याकडे लोक फुकट कसे काय येतात?"

मी स्टुटगार्टच्या दक्षिणेला, श्वेबिश आल्बच्या पठारावरच्या दोनेक हजार वस्तीच्या गावात राहते. गेली चार वर्षं इथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलात आहे. जर्मनीत पगारी दल फक्त शंभरेक शहरांत आहे. बाकी सगळा देश 'फ्रायविलिगे फॉयरवेअर'वर, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या दलांवर उभा आहे, आणि त्यांत दहा लाखांच्या आसपास माणसं आहेत. आमचा प्रमुख सुतार आहे. एक बेकरीवाली, दोन शेतकरी, बँकेतला एकजण, आणि मी कारखान्यात इंजिनिअर. सोमवारी संध्याकाळी सराव असतो. शेडमध्ये प्रत्येकाच्या नावाची खुंटी आहे. तिथे कोट, हेल्मेट आणि खाली बूट. विजार बुटांवरच दुमडून ठेवलेली असते. पाय बुटात घातले की ती तशीच वर ओढायची, वेळ वाचतो. माझी खुंटी दाराकडून सहावी.

आग क्वचितच लागते. बहुतेक वेळा रस्त्यावर झाड पडलेलं असतं, तळघरात पाणी शिरलेलं असतं, नाहीतर कुणाच्या ट्रॅक्टरमधून तेल सांडलेलं असतं. मागच्या नोव्हेंबरात रात्री पावणेतीनला पेजर वाजला. बर्फाच्या भाराने एक बीचचं झाड रस्त्यावर आडवं झालं होतं. चेनसॉने ते कापायला तास गेला, ओंडके बाजूला ढकलायला आणखी एक. परत आल्यावर सुतारदादांनी वही पुढे केली. प्रत्येकाने नाव, निघाल्याची वेळ आणि परतल्याची वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात उशिरा गेले. पगार कापला गेला नाही. कायदाच तसा आहे: दलाच्या कामासाठी मालकाने सोडायचं, त्या तासांचा पगार द्यायचा आणि तो गावच्या पालिकेकडून भरून मागायचा. काम करताना हात मोडला तर विमा आहे. गाडी, पाईप, बूट, शिक्षण हे सगळं पालिकेच्या खर्चाने. दल ठेवणं आणि ते सज्ज ठेवणं ही कायद्याने पालिकेची जबाबदारी आहे, गावकरी फक्त वेळ देतात.

हा 'फक्त' मला फार महत्त्वाचा वाटतो. भावाचा प्रश्नच मुळात चुकला होता. इथे लोक फुकट येतात हे खरं, पण येण्यापायी त्यांच्या घरची चूल थंड पडत नाही. मावशी रविवारी बंधाऱ्यावर आली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. पाठीत उसण भरली तर पुढचा आठवडाही बुडतो. आणि तिने हेच काम मजुरीवर केलेलं आहे. १९७२च्या दुष्काळात राज्याने लोकांना कामावर घेतलं, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. नाला बंडिंग, बांध, पाझर तलाव ही त्यातलीच कामं. तोच चर रोहयोवर खणला की हजेरीपट लागतो, श्रमदानात खणला की टाळ्या मिळतात. ज्याच्या विहिरीला पाणी वाढणार त्याला टाळ्या पुरतात. तिला कशा पुरतील?

वॉटर कपबद्दल माझ्या मनात आदर आहे. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव असे तीनच तालुके होते, त्यातला एक आमचा. त्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर गावी होते. पहाटे सहाला डोंगरावर माणसांच्या रांगा, घमेली हातोहात पुढे जायची, आणि ज्यांच्या घरात एकमेकांशी बोलणं नव्हतं ते एकाच चरात उभे होते. ते खोटं नव्हतं. पण स्पर्धेला शेवटचा दिवस असतो, बंधाऱ्यातल्या गाळाला नसतो. हिवरे बाजार या गावात १९९० च्या सुमारापासून जे टिकलं ते श्रमदानाच्या जोडीला नियम आले म्हणून. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअर नाही, आणि यंदा किती पाणी आहे ते मोजून कुठली पिकं घ्यायची ते ठरवणं. ज्याने उसाचा मोह सोडला त्यानेही काहीतरी दिलंच की.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं नाही. आमच्या दलात बाहेरून आलेली मी एकटी. पहिलं वर्षभर श्वेबियन बोली कळायची नाही, आणि कुणी ती सावकाश बोलायचंही नाही. तरुण मुलं शिकायला शहरात जातात ती परतत नाहीत, त्यामुळे दिवसा पेजर वाजला तर गाडी भरायला माणसं कमी पडतात. २०११ पर्यंत सक्तीची लष्करी सेवा होती, आणि तिच्याऐवजी अशा दलात काही वर्षं काम केलेलं चालायचं. तो ओघ थांबला. आणि २०२१च्या जुलैत आर नदीच्या खोऱ्यात पूर आला, तेव्हा एवढी दलं असलेल्या देशातही लोकांना वेळेवर इशारा पोचला नाही. त्या पुरात जर्मनीत १८० हून जास्त माणसं गेली. यंत्रणा आहे म्हणजे सगळं झालं असं मी भावाला कधीच सांगणार नाही.

आणि आपल्याकडे माणूस उभा राहत नाही हे तर साफ खोटं. तीन वर्षांपूर्वी आमच्या चुलत्यांचा ऊस तारांना तारा घासून पेटला. बंब तालुक्याहून यायचा होता. तो येईपर्यंत अर्धा गाव हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपत होता, एकाने ट्रॅक्टर घालून मधला पट्टा मोडला म्हणून शेजारचं रान वाचलं. ती माणसं माझ्या इथल्या सोबत्यांपेक्षा तसूभरही कमी नव्हती. त्यांच्या पायात मात्र चपला होत्या. एका पोराचे दोन्ही तळवे भाजले, आणि त्या दवाखान्याचा खर्च त्याच्या बापाने केला.

आजी सावडीबद्दल सांगायची. आपली बैलजोडी दोन दिवस शेजाऱ्याकडे, मग त्याची दोन दिवस आपल्याकडे. कुणी वहीत लिहायचं नाही, पण दोन्ही घरांना दिवस तोंडपाठ. सावड राहिली तर आजीला झोप यायची नाही. "फेडल्याशिवाय पेरायचं कसं," म्हणायची. इर्जिक घातली, म्हणजे एखाद्या दिवशी सगळ्यांना आपल्या शेतावर कामाला बोलावलं, तरी यजमानाकडचं जेवण ठरलेलं असायचं. या दोन्ही शब्दांत माणूस फुकट राबत नाही. सुतारदादांची वही मला सावडीसारखीच वाटते. सेवा म्हटलं की हिशेब विचारणं पाप होतं, आणि मग मावशीसारखी माणसं स्वार्थी ठरतात. तिने हिशेब विचारला, एवढंच तिने केलं.

भावाला मी सांगितलं ते असं. दंडाची गोष्ट सोडून द्या. बंधाऱ्याच्या खाली ज्यांच्या विहिरी आहेत त्यांची यादी करा, आणि त्यांनी एकराच्या हिशेबाने डिझेल व पोकलेनचा खर्च उचलावा. ज्याच्या शेतात गाळ पडेल त्याने ट्रॅक्टर लावावा. ज्यांना जमीन नाही त्यांना हातकामाची मजुरी द्या, रोहयोत बसत असेल तर तिथून, नाहीतर वर्गणीतून. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचा अपघात विमा उतरवा. आणि बंधाऱ्यात मासे सोडता आले तर त्यांचा हक्क भूमिहीन घरांना लिहून द्या. दरवर्षी कुणाची पाळी कधी, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. इथे श्वेबियन घरांत जिना आणि अंगण झाडायची पाळी असते, 'केअरवोखे' म्हणतात. पाळी आली की शेजारी दारावर पाटी अडकवून जातो, आणि त्या आठवड्यात झाडू आपल्या हातात.

भावाने पुढच्या बैठकीत हे मांडलं. विहिरीवाल्यांपैकी तिघांनी लगेच मान डोलावली, दोघे उठून गेले. मावशी दाराशी उभी होती. तिने एकच विचारलं, विम्याच्या कागदावर तिचं नाव सरपंच लिहिणार की ग्रामसेवक. ग्रामसेवकाने वही उघडली आणि तिला आत येऊन पूर्ण नाव सांगायला सांगितलं.