विडा आधी की पंगत आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

शनिवार-रविवारी हुकलेल्या तीन बेसबॉल मॅचेस सोमवारी रात्री कशा उरकायच्या, या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कुणाच्या लेखावरची चुकून इथं येऊन पडली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी सांगतो. मॅच लावण्याआधी बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचा तक्ता, वाचा असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं : "आधी बॉक्स स्कोअर वाचून मग मॅच पाहणं म्हणजे पंगतीत आधी विडा चघळायचा आणि मग रोडग्यांना बसायचं. हे तलाठ्याचं काम झालं, खेळाची आवड नव्हे." त्यापुढे तीन गोष्टी. आकड्यांत फिल्डिंग दिसत नाही. डबलहेडरबद्दल मी चुकीचं लिहिलं. आणि विदर्भानं तीनदा रणजी जिंकली असताना अमेरिकेचं कौतुक कशाला.

चूक आधी मान्य करतो, म्हणजे मी हेकट आहे असं कुणी म्हणायला नको. डबलहेडरची (एकाच दिवशी त्याच दोन टीमच्या दोन मॅचेस) मॅच सात इनिंगची असते असं मी लिहिलं होतं; इनिंग म्हणजे दोन्ही टीमची एकेक बॅटिंग. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये तो नियम फक्त २०२० आणि २०२१ या दोन हंगामांपुरता होता. २०२२ पासून पुन्हा नऊ इनिंग. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता विड्याचं बघू.

मुद्दा मांडायला माझी हरकत नाही, भाऊ. हरकत "तलाठ्याचं काम" या शब्दांना आहे. सातबारा नसेल तर वावर तुमचं हे कोर्टात कशावरून सांगाल? मी २०११ पासून हातानं स्कोअरशीट भरतो, सात रजिस्टरं भरली, आणि शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये कॅचर होतो. खेळाची आवड म्हणजे काय, हे विड्याची उपमा देऊन मला कुणी समजावू नये.

आणि ज्याला तुम्ही कारकुनी म्हणता तिचा बाप कोण, माहीत आहे? हेन्री चॅडविक. १८२४ साली इंग्लंडात जन्मला, अमेरिकेत जाऊन आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. क्रिकेटचं धावपत्रक डोळ्यांसमोर ठेवून त्यानं बेसबॉलचा बॉक्स स्कोअर घडवला. १९३८ मध्ये त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. म्हणजे तुम्ही रणजीचा जो स्कोअरकार्ड पेपरात बोट फिरवत वाचता, त्याचाच हा चुलतभाऊ. तिथं ते प्रेम आणि इथं तलाठी? वा रे वा.

वेळेचं गणित तुम्ही वाचलंच नाही, म्हणून पुन्हा लिहितो. हंगामात आपण न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असतो. तिकडे शुक्रवारी संध्याकाळी ७.०५ ला सुरू होणारी मॅच इथं शनिवारी पहाटे ४.३५ ला. शनिवारी दुपारी ४.०५ ची इथं शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर १.३५ ला. रविवारी दुपारी १.३५ ची इथं रात्री ११.०५ ला. पश्चिम किनाऱ्यावरची संध्याकाळची ७.१० ची असेल तर इथं दुसऱ्या दिवशी सकाळी ७.४०, म्हणजे ऐन वावरात जायच्या वेळेला. आठवड्यात थ्रीफेज लाइन रात्रपाळीत असेल आणि मोटर चालू करायला जायचं असेल, तर यातलं काय थेट पाहणार तुम्ही?

२०२३ मध्ये पिच क्लॉक (बॉल टाकणाऱ्या पिचरला घड्याळ लावायचा नियम) आल्यापासून नऊ इनिंगची मॅच साधारण दोन तास चाळीस मिनिटांत संपते. तीन मॅचेस म्हणजे आठ तास. ४८० च्या दर्जाला तासाला अर्धा जीबी धरला तरी चार जीबी. रोजचा दीड जीबीचा पॅक मारणाऱ्यानं सोमवारी रात्री हे कसं बसवायचं? म्हणून आधी बॉक्स स्कोअर. तो वाचायचा ते निकालासाठी नाही, कोणत्या मॅचमधल्या कोणत्या वीस मिनिटांवर डेटा घालवायचा हे ठरवण्यासाठी.

समजा लाइन स्कोअर (प्रत्येक इनिंगमधले रन, शेवटी बेरजा) असा आहे :

पाहुणे : ००० ०२० ००१ — ३ रन, ८ हिट, १ एरर
यजमान : १०० ००० ३०x — ४ रन, ५ हिट, ० एरर

तो x म्हणजे यजमान आधीच पुढे होते, नववीत बॅटिंगची गरज पडली नाही. आठ हिटवाले हरले, पाच हिटवाले जिंकले. इथंच कान टवकारायला हवेत. पाहुण्यांच्या पिचरची ओळ पाहा : ६.२ इनिंग, ४ रन, त्यातला अर्न्ड (फिल्डरच्या चुकीविना, पिचरच्या खात्यावर पडलेला) फक्त १. (६.२ म्हणजे सहा इनिंग आणि दोन आउट, क्रिकेटमधल्या ४.२ ओव्हरसारखंच, दशांश समजू नका. त्यात नवीन माणूस हमखास फसतो.) पुढे १०३-६६, म्हणजे १०३ पिच टाकले, ६६ स्ट्राइक. खाली होमरनच्या नोंदीत लिहिलेलं असतं : सातवी इनिंग, दोन जण बेसवर, दोन आउट.

झालं, मॅच उघडली. सातवीत दोन आउट झाले होते. मग एरर, म्हणजे फिल्डरची चूक, झाला. तो झेल सुटला नसता तर इनिंग तिथंच संपली असती, म्हणून पुढचे तिन्ही रन अनअर्न्ड. मग एक वॉक (चार बॉल बाहेर गेले की मिळणारा फुकटचा बेस). मग होमरन : बेसवरचे दोघं आणि बॅटर, तीन रन. शंभरीला टेकलेला पिचर कोचनं आणखी एका बॅटरसाठी ठेवला, तेवढ्यात खेळ गेला. आता सगळी मॅच पाहायची गरज नाही. यजमानांची सातवीतली बॅटिंग पाहा. इनिंगला सरासरी अठरा मिनिटं धरली तर साडेसहा इनिंग म्हणजे एक तास सत्तावन्न मिनिटं. पण शेवटच्या इनिंगमध्ये पिचर बदलतात, त्या लांबतात आणि आधीच्या आखूड असतात. म्हणून एक तास पंचेचाळीसवर नेऊन तिथून पुढे सरका. पावसानं खेळ थांबला असेल तर हा हिशेब कोलमडतो, तेव्हा इनिंगचा आकडा बघतच जावं लागतं. बारा मिनिटांत काम आटोपतं, सव्वाशे एमबीच्या आत.

सांगा आता, यात विडा कुठला नि रोडगा कुठला? तो होमरन येणार हे मला माहीत आहे. पण एररनंतर कोच डगआउटमधून (टीम बसते तिथून) का उठला नाही, कॅचर पिचरपाशी गेला का, वॉक मुद्दाम दिला की चार बॉल खरंच बाहेर गेले, हे पाहायला मी बसलो आहे. निकाल माहीत नसलेला माणूस त्या वेळी फक्त बॉलकडे बघत असतो.

"ॲपमध्ये स्कोअर लपवायची सोय आहे" हेही तुम्ही टोमणा मारून सांगितलं. आहे, मी वापरतो. एकच मॅच पाहायची आणि पूर्ण रात्र मोकळी असेल तर जरूर वापरा. पण त्यानं सगळं लपत नाही. व्हिडिओची लांबी दिसते. बाकीच्या दोघींपेक्षा पाऊण तास जास्त दिसली की एक्स्ट्रा इनिंग असल्याचा वास येतोच. नोटिफिकेशन बंद केलं नाही तर अंतिम स्कोअर आपोआप पडद्यावर येतो. आणि तीन मॅचेसपैकी कोणती पाहायची हे स्कोअर लपवून ठरवाल कसं? चिठ्ठ्या टाकून?

आकडे खोटं बोलतात अशी शंका असेल तर ती तपासायची रीत आहे. बॅटरच्या सगळ्या पाळ्या, म्हणजे ॲट बॅट (हिशेबात धरलेली पाळी), वॉक, हिट बाय पिच (अंगाला बॉल लागला) आणि सॅक्रिफाइस (स्वतः आउट होऊन रनर पुढे काढला) मिळून, यांची बेरीज ही रन, बेसवर अडकलेले आणि झालेले आउट यांच्या बेरजेइतकी असायलाच हवी. वरच्या मॅचमध्ये पाहुणे : ३ रन, ९ अडकले, २७ आउट (इनिंगला तीन), म्हणजे ३९ पाळ्या. यजमान आठच इनिंग खेळले, म्हणून २४ आउट. ४ रन, ३ अडकले, एकूण ३१. नाही जुळलं तर मी लिहिताना कुठंतरी चुकलो. तलाठीसुद्धा इतकं तपासत नाही, भाऊ.

फिल्डिंग आकड्यांत दिसत नाही म्हणता. प्रत्येक फिल्डरच्या जागेला आकडा असतो. ६-४-३ लिहिलं की शॉर्टस्टॉपनं (६) उचलला, सेकंड बेसमनला (४) दिला, तिथून फर्स्टला (३), डबल प्ले, म्हणजे एका झटक्यात दोन आउट. बाकी जे दिसत नाही त्यासाठी व्हिडिओ आहेच की.

रणजीचं म्हणाल तर २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५, तिन्ही जेतेपदं तोंडपाठ आहेत. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझं पान बेसबॉलचं आहे. वांग्याच्या वाफ्यात कांदे का नाहीत असं विचारून राहिले तुम्ही.

प्रतिक्रियेतले "तुमच्यासारख्या लोकांना" हे शब्द मात्र परत घ्या, किंवा निदान नाव लिहून म्हणा. बिननावाच्या शेऱ्याला मी एवढं लांब उत्तर देतोय हेच जास्त झालं.

पुढची प्रतिक्रिया टाकायच्या आधी कालच्या एखाद्या मॅचचा बॉक्स स्कोअर घ्या आणि वरची बेरीज कागदावर मांडा. जुळली नाही तर मॅच दहाव्या इनिंगमध्ये गेली होती का ते बघा : तिथं सेकंड बेसवर आयता उभा केलेला रनर पाळी न घेताच आलेला असतो, त्यामुळे प्रत्येक जादा इनिंगमागे प्रत्येक टीमच्या पाळ्यांत एक मिळवावा लागतो.