हवेचं वजन

ओळख ना पाळख अशा माणसानं आपल्या चिवड्याच्या पिशवीला टाचणी टोचावी आणि वर आपल्यालाच म्हणावं, "बेन, थँक्यू तो बोलो!" हे माझ्या अजून पचनी पडलेलं नाही. घरातले म्हणतात, जाऊ दे आता. त्यांचं काय जातं म्हणायला? चिवडा मी केला होता.

मुलगा कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. त्याला दिवाळीचा फराळ पाठवायचा होता. मागणी एवढीच की तो दिवाळीत पोचावा, शिमग्याला नको.

बडोद्यात परदेशी सामान धाडायची खात्रीची पद्धत पूर्वापार एकच, ती म्हणजे जाणारं माणूस. कोणाच्या सुनेचं बाळंतपण असो की कोणाच्या लेकीचा गृहप्रवेश, तिकीट निघायच्या आधी बातमी निघते आणि लोक डबे घेऊन दारात हजर. मी स्वतः जाताना एका बाईंच्या लेकीसाठी ठेपले, सुतरफेणी आणि चक्क एक तांब्याची कळशी नेली होती. विमानतळावर ती कळशी काय आहे हे समजावून सांगताना माझा घसा कोरडा पडला. त्याच बाई यंदा नवऱ्याबरोबर निघाल्या, म्हणून मी लाडवांचा विषय काढला. तर म्हणाल्या, "अहो, 23 किलोच्या दोन-दोनच बॅगा, त्यात ह्यांच्या गोळ्या!" माणशी सेहेचाळीस किलोत गोळ्या किती आणि बाकी काय, हा हिशेब मी तोंडावर मागितला नाही. पण कळशी माझ्या लक्षात आहे.

मग पोस्ट. माझी पोस्टावर श्रद्धा आहे. मांजरपाटात शिवलेलं पार्सल, लाखेचे शिक्के आणि पोस्टाबाहेर दाभण घेऊन बसलेला माणूस हे सगळं मी पाहिलेलं आहे. खिडकीवरच्या बाई सरळ बोलल्या, आणि या सगळ्या प्रकरणात सरळ बोललेली तेवढी एकच व्यक्ती. "ताई, इथून जाईल. पण तिकडे संप आहे, कधी मिळेल ते विचारू नका." खरं होतं. आपलं स्पीड पोस्ट कॅनडात उतरलं की पुढे घरोघर तिथलंच पोस्ट नेतं, आणि तिथले पोस्टमन 2025च्या 25 सप्टेंबरपासून देशभर संपावर होते. 11 ऑक्टोबरपासून संप आळीपाळीचा झाला. म्हणजे आज या गावचे पोस्टमन घरी, उद्या त्या गावचे. माझ्या लाडवांनी कुठल्या तारखेला कुठल्या गावात असू नये, हे कोणी बघायचं?

जाऊबाईंचं तर आणखी वेगळं. त्यांची मुलगी न्यूजर्सीला. 800 डॉलरपर्यंतच्या मालाला अमेरिकेत ड्यूटी माफ होती, ती सवलत तिथल्या सरकारनं 29 ऑगस्टपासून काढून टाकली. ती ड्यूटी कोणी गोळा करायची याचा कुणालाच पत्ता नाही, म्हणून आपल्या पोस्टानं 25 ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं. पुन्हा सुरू केली ती थेट 15 ऑक्टोबरला. शंभर डॉलरपर्यंतची भेट कागदोपत्री माफच होती, पण ती न्यायची कोणी? जाऊबाईंनी कडबोळी कागदात बांधून ठेवली होती. शेवटी ती आम्हीच खाल्ली. मऊ पडली होती, पण तसं बोलले नाही.

राहता राहिले कुरिअरवाले. कारेलीबागेत, मांजलपुरात, अलकापुरीत कुठेही उभं राहून मान वळवली की यू.एस.ए., कॅनडा, यू.के., ऑस्ट्रेलियाचे झेंडे लावलेली पाटी दिसतेच. त्यातलंच जवळचं एक दुकान गाठलं.

काउंटरवर एक मुलगा. त्यानं खोका काट्यावर ठेवला, सहा किलो दोनशे. मी मनात किलोला साडेसहाशेचा हिशेब केला आणि पर्स उघडली. तोवर त्यानं शिंप्याची टेप काढली. पंचेचाळीस, पस्तीस, तीस. तीन आकड्यांचा गुणाकार केला, पाच हजारांनी भागलं आणि म्हणाला, "नऊ पॉइंट पिस्ताळीस. साडेनऊ किलो."

म्हटलं, "अरे, काटा सहा दाखवतोय."

"ए वजन छे, बेन. आ वॉल्यूमेट्रिक छे."

विमानात जागा अडते, म्हणून खोक्याचं आकारमान सेंटिमीटरमध्ये काढून पाच हजारांनी भागायचं, आणि हा आकडा व खरं वजन यांत जो जास्त असेल त्याचे पैसे. कायदा जगभर हाच आहे म्हणे. असेल. पण लोखंड पाठवणारा वजनाचे पैसे भरतो, आणि चिवडा पाठवणारी बाई चिवड्याच्या पोह्यांमधल्या हवेचे. सव्वातीन किलो बडोद्याची हवा मी कॅनडाला पाठवत होते. आणि ऑक्टोबरमधली बडोद्याची हवा कोणी फुकट दिली तरी घेऊ नये.

इथे काका उठले.

ते आधीपासूनच दुकानात होते. कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर, पांढरा लेंगा-सदरा, गुडघ्याला पट्टा, हातात चहाचा कागदी कप. मला वाटलं मालक असतील, किंवा मालकाचे वडील. माझ्याजागी कुणालाही तेच वाटलं असतं, कारण त्यांनी काउंटरच्या आतल्या बाजूला हात घालून न बघता कटर काढला.

"शुं मोकलो छो, बेन?"

"फराळ."

"अरे, मराठी! मला मराठी एकदम आवडते. दांडिया बजारमां रेहता ना आम्ही! हवाना पैसा शुं काम आपवाना? काप तेने."

हे शेवटचं मुलाला. मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत त्या मुलानं नाही, काकांनीच माझ्या खोक्याची चिकटपट्टी उभी चिरली. घरी ती पट्टी तीन थरांत मी लावली होती, दातांनी तोडून तोडून. आतलं सगळं काउंटरवर आलं. माझ्यामागे आता एक बाई ढोकळ्याचं पीठ घेऊन आणि एक मुलगा कसलीशी सर्टिफिकिटं घेऊन उभे होते, तेही पुढे सरकून बघू लागले. दिव्यांची माळ आधी बाहेर पडली. "सेल नहीं चाले," काका म्हणाले. मुलानं मान डोलावली. लाडवांचा डबा काकांनी उघडला, वास घेतला आणि एक लाडू उचलला.

"चेक करवुं पडे," ते म्हणाले, आणि खाल्ला.

कस्टम्सनं उघडला असता तर मी काही बोलले नसते. कस्टम्सला पगार मिळतो. या गृहस्थांनी तो सावकाश, डोळे मिटून, बोट वर करून खाल्ला. सगळं दुकान निकालाची वाट बघत होतं. मीही, खोटं कशाला बोला.

"बेसन जरा वधारे शेकाई गयुं. पण टकशे."

टिकेल म्हणे! माझ्या सासूबाईंच्या हातचं प्रमाण आहे ते, आणि सासूबाईंना उभ्या हयातीत कोणी 'टिकेल' म्हणून पास केलेलं नाही.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून टाचणी काढली. टाचणी जवळ बाळगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. चिवड्याच्या पिशव्या मी घरी सीलबंद केल्या होत्या, फुगीर, कारण हवा आहे म्हणून पोहे शाबूत राहतात. काकांनी एकेका पिशवीला कोपऱ्यात टोचलं, काउंटरवर आडवी ठेवली आणि तळहातानं दाबली. फुस्स. एक. फुस्स. दोन. तिसरीला ढोकळ्यावाल्या बाईंनीही हात लावला. प्रत्येक फुस्सबरोबर आतून पोहे मोडल्याचा बारीक आवाज येत होता. तो त्यांना कोणालाच ऐकू येत नव्हता. मग खोक्याचे चारही कोपरे पाच सेंटिमीटर खाली चिरले, झापा दुमडल्या, वरून गुडघ्याचा पट्टा सांभाळत काका अर्धवट बसले आणि मुलाला म्हणाले, "माप."

पंचेचाळीस, पस्तीस, पंचवीस. सात पॉइंट सत्याऐंशी. आठ किलो.

"नवसो पंचोतेर बच्या! बेन, थँक्यू तो बोलो!"

मी म्हटलं. काय करणार? टाळी वाजायची तेवढी बाकी होती.

फॉर्म भरताना मुलानं विचारलं, व्हॅल्यू केटली? मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "पाचसो लखी दे." म्हटलं, अहो, नुसतं तूपच त्याहून जास्तीचं आहे. आणि कॅनडात तिथल्या 60 डॉलरपर्यंतची भेट माफ असते, म्हणजे पावणेचार हजार रुपये झाले. जे आहे ते लिहा, तीन हजार. काका माझ्याकडे फार कीव करून बघायला लागले. "मोठा आकडा लखायचा नहीं. नजर लागे."

आणि पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या आकड्यावर मिळते, त्याचं काय? या गावाला तरी हे सांगायला लागू नये. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतले, तेव्हा त्यांचं सामान दुसऱ्या जहाजानं येत होतं. जर्मन पाणबुडीनं ते जहाज बुडवलं. जमवलेली पुस्तकं तळाला गेली आणि हातात आली ती 600 रुपयांची भरपाई. तेच पैसे खर्चून ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले, आणि इथं त्यांना राहायला कोणी जागा दिली नाही. जहाज शत्रूनं बुडवलं होतं. दुसऱ्या गोष्टीला काय म्हणायचं, ते आम्ही बडोदेकर मोठ्यानं फारसं बोलत नाही. असो. मी मुलाला सांगून तीन हजारच लिहून घेतले. काका रुसले आणि चहा प्यायले.

रुसवा आधार कार्डापर्यंत टिकला. पाठवणाऱ्याची ओळख जोडावी लागते, म्हणून मी झेरॉक्स दिली. मुलाच्या हातातून ती काकांकडे गेली आणि त्यांनी माझं जन्मसाल खणखणीत वाचलं. "लागतां नथी!" असंही म्हणाले. सर्टिफिकिटवाल्या मुलानं माझ्याकडे निरखून बघितलं. त्याला मात्र लागत होते, असं त्याच्या तोंडावर दिसलं.

मग भेटवस्तू म्हणून जायचं तर आत तशी चिठ्ठी हवी. मी पेन घेतलं. काका शेजारी येऊन सांगू लागले, "लखो, बेटा, मजामां? तबियत सांभाळ. बहारनुं खावानुं ओछुं." माझ्या मुलाला, माझ्या पेननं, माझ्या देखत! मी लिहिलं, 'दिवाळीची भेट. आई.' काकांनी वाचलं आणि म्हणाले, "बस? आटलुं ज?"

पैसे देता देता मला सुचलं ते आधी सुचायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. पण विचारायला फुरसत कोणी दिली? म्हटलं, "काका, तुम्ही इथूनच पाठवता का? भरोसा आहे ना?"

"एकदम! सो टका!" काकांनी छातीवर हात ठेवला. "मारुं पार्सल नवरात्रथी अटकी गयुं छे. रोज येतो विचारायला. पण माणस एटलो सारो, रोज चा पाय छे. स्टूल पण तेणेच दिला."

मुलगा काट्याकडे बघत होता.

आता काय करता? खोका चिरलेला, पिशव्या टोचलेल्या, लाडू एक कमी. हे उचलून दुसऱ्या दुकानात कोणत्या तोंडानं जायचं? मी पैसे भरले. वर इंधनाचा अधिभार म्हणून आणखी काहीतरी लावलं, त्यावर काका गप्प होते. बोलायचं तिथे हा माणूस बोलत नाही.

घरी येऊन पावती नीट वाचली, तर मोबाइल नंबर माझा नाही. फॉर्म भरताना मुलानं नंबर विचारला, मी चष्मा शोधत होते, तेवढ्यात काकांनी स्वतःचा सांगून टाकला होता. "लेडीझना फोन ए लोक करता नथी," असं कारण नंतर कळलं. त्यामुळे माझ्या पार्सलची बातमी मला रोज सकाळी काकांकडून, गुलाबाच्या फोटोखाली येऊ लागली. मुंबई सोडली. दुबईत आहे. क्लिअरन्समां छे, चिंता नहीं. ढोकळ्यावाल्या बाईंचंही पोचलं म्हणे. त्यांच्याशीही संपर्क होता.

पार्सल पोचलं, अगदी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, हे कबूल करायला हवं. मुलाचा फोन आला, "आई, लाडू मस्त. चिवडा चमच्यानं खातोय." आणि जाता जाता, "इथं सगळं मिळतं गं आता, भाकरवडीसुद्धा, कशाला एवढा खर्च करतेस?" सव्वापाच हजार भरून हे ऐकायचं!

काकांना ही बातमी माझ्याआधी होती. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज पहिल्यांदाच उतरलेला होता. "बेन, तुमचं पोंची गयुं. मारुं हजी मिसिसागाच्या गोडाउनमां आहे. ब्रॅम्प्टनथी तो पासे ज ना? तमारा दीकराला सांगा ना, एक रविवारी जरा जाऊन बघेल."

सोबत गोदामाचा पत्ता, पावतीचा फोटो, आणि आत काय काय आहे त्याची यादी. मुलाला मी अजून काही बोललेले नाही. काकांचे आज दोन मिस्ड कॉल आहेत.