वजनकाटा बघून लाइनमन नाकारू नका

एप्रिलमध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, जवळ आला की एक मत हमखास फिरू लागतं: ऑफेन्सिव्ह लाइनचा खेळाडू, म्हणजे लाइनमन, कितीही गुणी असो, तो जाड असेल तर त्याच्यावर पिक (निवडीची पाळी) वाया घालवू नका. कारणं नेहमीची चार. जाडी म्हणजे आळस. असा खेळाडू चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरपर्यंत टिकत नाही. तो सतत जखमी होतो. आणि पैसे हातात पडले की आणखी सुटतो. यातलं दुखापतीचं कारण बरंचसं खरं आहे आणि दमाचं अर्धं. बाकीच्या दोन कारणांना आधार नाही.

आधी ‘जाड’ कोणाला म्हणायचं ते ठरवू. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे त्याच्या रक्षणाला उभ्या राहणाऱ्या पाच जणांची, म्हणजे दोन टॅकल, दोन गार्ड आणि सेंटर यांची, उंची साधारण 6 फूट 5 इंच आणि वजन 310 ते 315 पौंड असतं. म्हणजे 140 किलोच्या वर. ऑलिंपिक कुस्तीत 130 किलोच्या पुढे गटच नाही, यावरून अंदाज यावा. या मापाचा बीएमआय 36-37 येतो आणि चरबीचं प्रमाण 25 ते 30 टक्के असतं. डॉक्टरच्या तक्त्याप्रमाणे ही अख्खी फळीच लठ्ठ आहे. सलग 10,363 स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारे डाव) खेळलेला टॅकल जो थॉमस निवृत्त झाल्यावर सुमारे 50 पौंडांनी उतरला. ते वजन त्याने कामासाठी कमावलं होतं आणि काम संपल्यावर सोडून दिलं.

त्यामुळे 350 पौंड हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. समजा 350 पौंडांचे दोघे आहेत. एकाच्या अंगात 25 टक्के चरबी आहे, दुसऱ्याच्या 36 टक्के. पहिल्याचं चरबी वगळून वजन 262 पौंड भरतं, दुसऱ्याचं 224. हा 38 पौंडांचा फरक डेक्सा स्कॅनमध्ये (चरबी मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीत) काही मिनिटांत कळतो. पहिल्याला अंगावर धावून येणारा 270 पौंडांचा पास रशर (क्वार्टरबॅकला पाडायला येणारा बचावपटू) मागे रेटू शकत नाही. दुसरा दिसायला तितकाच मोठा, पण तो रेटा त्याला पेलत नाही. वजन मांड्या आणि नितंबांत असेल तर ते पाय रोवायला उपयोगी पडतं. पोटावर असेल तर गुडघे वाकवून खाली बसता येत नाही, कंबर ताठ होते आणि माणूस पुढे झुकून खेळू लागतो. पुढे झुकलेल्या लाइनमनचा हात झटकून बगलेतून निघून जाणं चांगल्या पास रशरला अजिबात अवघड नाही.

आता आळसाकडे. 1989 मध्ये टॅकल टोनी मँडरिच ग्रीन बे संघाकडून दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. शरीर दगडात कोरल्यासारखं, वेग थक्क करणारा. त्याच्या आधी निवडलेला ट्रॉय एकमन आणि नंतरचे बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस, डिऑन सँडर्स हे चौघंही हॉल ऑफ फेममध्ये गेले. मँडरिच ग्रीन बेमधून 1992 मध्ये बाहेर पडला. पुढे त्याने कॉलेजच्या काळात स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं. 2022 चा इव्हान नील तर ताजाच आहे: 337 पौंड, पण अंगावर चरबी जवळपास दिसतच नव्हती. जायंट्स संघाने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं आणि त्याला टॅकलची जागा कधीच नीट जमली नाही.

उलट 2018 चा ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर पाहा. वजन 345 पौंड, 40 यार्डांना 5.85 सेकंद, बेंच प्रेस फक्त 14 वेळा, उभी उडी 19.5 इंच. कॉम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, एखाद्या टॅकलची इतकी वाईट कामगिरी क्वचितच झाली असेल. पहिल्या फेरीत जाईल असं वाटणारा खेळाडू तिसऱ्या फेरीत 83 व्या क्रमांकावर घसरला. त्यानंतर तो चार वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला आणि चीफ्स संघासाठी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. ड्राफ्टआधी ओक्लाहोमा विद्यापीठात क्वार्टरबॅक बेकर मेफिल्डच्या बाजूला तो वर्षानुवर्षं लेफ्ट टॅकल खेळला होता. ते सगळं चित्रफितीत होतं, बघायची तयारी हवी होती.

आळस शोधायचा तर तोही चित्रफितीतच सापडतो. पहिला ब्लॉक झाल्यावर तो पुढच्या लाइनबॅकरकडे (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूकडे) जातो का? चेंडू दुसऱ्या बाजूला गेला तर उभा राहतो की मागे धावतो? आणि वजन वाढलं कशामुळे, हे त्याला नीट विचारलं पाहिजे. कॉलेजच्या प्रशिक्षकाने वाढवायला सांगितलं असेल, दुखापतीमुळे तो सहा महिने बसून असेल, झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल. मोठ्या मानेच्या लाइनमनमध्ये हा विकार वारंवार सापडतो. रात्री झोप होत नाही, दिवसा भूक वाढते, सरावात माणूस मंद वाटतो आणि त्याच्यावर कामचुकार असल्याचा शिक्का बसतो. त्याला झोपेची तपासणी आणि झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र लागतं. दमदाटीने काही होत नाही.

दमाच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण तो चुकीच्या चाचणीने मोजला जातो. एक प्ले, म्हणजे एक डाव, चार ते सहा सेकंदांचा. मग पुढच्या स्नॅपसाठी 40 सेकंदांचं घड्याळ. सामन्यात असे 60-65 प्ले, आणि समोरचे बचावफळीचे खेळाडू आलटून पालटून विश्रांती घेत असताना या पाच जणांना मात्र सगळे खेळावे लागतात. म्हणजे लांब पल्ल्याची धाव इथे कामाची नाही. छोटा स्फोट, अर्धवट विश्रांती, पुन्हा स्फोट, असं चक्र लागोपाठ दहा-बारा वेळा झेपायला हवं. ते न झेपणाऱ्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. आठव्या-नवव्या प्लेपासून तो उंच उभा राहू लागतो, पावलं थांबतात, मग हातांनी पकडणं सुरू होतं आणि होल्डिंगच्या (बेकायदा पकडण्याच्या) दंडाचे 10 यार्ड जातात. म्हणून कॉलेजच्या सामन्यांतले दहा प्लेहून मोठे ड्राइव्ह (चेंडू हातात असतानाच्या सलग चाली) निवडा आणि फक्त शेवटचे चार प्ले बघा. त्यातून जे कळतं ते 40 यार्डांच्या धावेतून कळणार नाही, कारण लाइनमन 40 यार्ड सरळ धावतो तरी कधी? चाचणीच हवी तर पहिल्या 10 यार्डांची वेळ आणि 20 यार्डांची शटल (दिशा बदलत धावण्याची चाचणी) बघा. 1.8 सेकंद आणि 4.75 सेकंद यांच्या आसपासचे आकडे या जागेसाठी सर्वसाधारण आहेत.

दुखापतीचं मात्र मान्य करायलाच हवं. अंगावरच्या प्रत्येक जादा पौंडामागे चालताना गुडघ्यावर सुमारे चार पौंडांचा भार पडतो. टॅकल मेकाय बेक्टन 2020 मध्ये 364 पौंडांचा असताना 40 यार्ड 5.10 सेकंदांत धावला, जेट्सनी त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं आणि 2021 व 2022 हे दोन्ही हंगाम गुडघ्याने खाल्ले. 400 पौंड ओलांडणारा पहिला खेळाडू एरन गिब्सन, 1999 चा 27 वा पिक, कधीच स्थिरावला नाही. पण बेक्टनची कथा तिथे संपत नाही. 2024 मध्ये ईगल्सनी त्याला एका वर्षाच्या करारावर आणलं आणि टॅकलवरून राइट गार्डला हलवलं. टॅकलला बाहेरच्या मोकळ्या जागेत मागे सरकत वेगवान रशर अडवावा लागतो. गार्डच्या दोन्ही बाजूंना सहकारी असतात आणि काम मुख्यतः रेटण्याचं. त्या लाइनमागे चेंडू घेऊन धावणाऱ्या सेक्वॉन बार्कलीने त्या हंगामात 2,005 यार्ड काढले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये संघ सुपर बोल जिंकला.

यापेक्षा गंभीर धोका उन्हाचा आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. 1 ऑगस्ट 2001 रोजी वायकिंग्जचा टॅकल कोरी स्ट्रिंगर सराव शिबिरात उष्माघाताने गेला. वय 27, वजन 335 पौंडांच्या आसपास, आदल्याच हंगामात प्रो बोल खेळलेला. जाड शरीर उष्णता लवकर बाहेर टाकू शकत नाही, त्यात हेल्मेट आणि पॅड. जादा वजनाबद्दल संघ लावतो त्या दंडाला घाबरून कोणी शिबिराआधी सॉना घेऊन, पाणी तोडून काट्यावर उभा राहिला तर तो कोरड्या शरीराने उन्हात उतरतो. खेळाडूला ठरावीक तारखेचा ठरावीक आकडा देणाऱ्या संघांनी हे समजून घ्यायलाच हवं. शिबिराच्या जागी बर्फाच्या पाण्याचा टब तयार पाहिजे. उष्माघाताची शंका आली तर आधी तिथेच थंड करायचं, रुग्णालयात मग न्यायचं.

पैशांचा मुद्दा जुन्या काळातला आहे. 2011 पासून ड्राफ्टमधल्या क्रमांकानुसार नवख्याचा पगार जवळपास ठरलेला असतो, आणि तीन हंगाम पूर्ण होईपर्यंत त्याला वाढीव करार देताच येत नाही. मोठी रक्कम चांगलं खेळल्यावरच मिळते. त्याआधीच्या काळातही एकच नियम लावता येत नव्हता. 2002 च्या ड्राफ्टमधले दोन अवाढव्य टॅकल घ्या. चौथा पिक माइक विल्यम्स बिल्समध्ये चार वर्षांत संपला. सातवा पिक ब्रायंट मॅकिनी वायकिंग्जसाठी 131 सामने सुरुवातीपासून खेळला. वजनामुळे 2011 मध्ये त्याला काढलं, आणि पुढे तोच रेव्हन्सचा लेफ्ट टॅकल म्हणून सुपर बोल जिंकला.

मग घ्यायचा कुठे? पहिल्या दहात सहसा नको. तिथे दोन हंगाम बुडाले तर भरून निघत नाहीत. तिसऱ्या फेरीपासून मात्र हिशेब पालटतो. ट्रेंट ब्राउन 2015 मध्ये 355 पौंडांचा होता म्हणून सातव्या फेरीत 244 व्या क्रमांकावर मिळाला. पुढे पेट्रियट्ससाठी सुपर बोल जिंकून 2019 मध्ये त्याने रेडर्सकडून चार वर्षांचा 6.6 कोटी डॉलरचा करार घेतला. आपली पद्धतही बघायला हवी. प्रशिक्षक ॲलेक्स गिब्सच्या ब्रॉन्कोस संघासारखी सगळी लाइन एका बाजूला धावत नेणारी आउटसाइड झोन खेळायची असेल तर 350 पौंडांचा माणूस तिथे उशिराच पोचणार. त्याला सरळ समोर रेटणाऱ्या पद्धतीत ठेवा.

घेतल्यावर घाई नको. 160 किलोच्या खेळाडूने आठवड्याला एक किलोच्या आसपासच उतरावं. रोजच्या खाण्यातून 500 ते 750 कॅलरी कमी, प्रथिनं 200 ग्रॅमच्या आसपास, जड वजनांचा व्यायाम चालूच. धावण्याऐवजी स्लेड (वजन लादलेली घसरगाडी) ढकलणं, सायकल, पाण्यातला व्यायाम. सरावाची लय सामन्याचीच: पाच सेकंद पूर्ण जोर, 35 सेकंद विश्रांती. एप्रिलअखेर ते जुलैअखेर 13 आठवडे मिळतात, म्हणजे 11-12 किलो. याहून वेगाने उतरवलं तर स्नायू जातो आणि ज्या ताकदीसाठी त्याला घेतलं तीच कमी होते. सगळ्यात धोक्याचा काळ जूनच्या मध्यापासून शिबिरापर्यंतचा. संघाचा सराव बंद, खेळाडू घरी, स्वयंपाक जुन्या सवयीचा. त्या पाच-सहा आठवड्यांत आहारतज्ज्ञाशी आठवड्यातून दोनदा बोलणं आणि जेवणाचे डबे पोचवण्याची व्यवस्था करणं एखाद्या संघाला जमणार नसेल, तर त्या संघाने हा पिक दुसऱ्यांसाठी सोडावा.