पी-ब्लॉक ‘संपला’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या घरच्या ग्रुपवर भाच्याने एक मेसेज टाकला आणि खाली विचारलं, "मामा, मग इनऑर्गॅनिक सोडूनच देऊ का?" मेसेज एव्हाना निम्म्या बारावीच्या मुलांच्या फोनवरून फिरून आलेला असणार. मजकूर थोडक्यात असा: एस आणि पी ब्लॉकमध्ये, म्हणजे आवर्तसारणीच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या मूलद्रव्यांत, शोधण्यासारखं काही उरलेलं नाही, सगळं शंभर वर्षांपूर्वी झालं. खालच्या ओळींतली मूलद्रव्यं दुहेरी-तिहेरी बंध करत नाहीत. हायड्रोजन तोडणं, कॅटॅलिस्ट होणं (स्वतः न संपता अभिक्रिया वेगाने घडवणं) ही कामं फक्त डी-ब्लॉकच्या, म्हणजे सारणीच्या मधल्या भागातल्या, धातूंची. निष्क्रिय वायू निष्क्रियच. म्हणून तर एनसीईआरटीने धडे काढले. भारतात तर यावर कोणी काम करतच नाही. उरतं ते नुसतं पाठांतर.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळे हा मेसेज माझ्या पोटावरही पाय आहे. पण तेवढ्यासाठी लिहीत नाही.

धड्यांचं आधी उरकून टाकतो. २०२३-२४ पासूनच्या पुस्तकांतून अकरावीचे एस आणि पी ब्लॉक आणि बारावीचा पी-ब्लॉक गेले, हे खरं. पण त्याच कात्रीत घनावस्था आणि पॉलिमरही गेले. मग पॉलिमरची केमिस्ट्रीही संपली म्हणायची का? ओझं कमी करायचं होतं, कमी केलं. आणि नीट-जेईईच्या अभ्यासक्रमात पी-ब्लॉक अजून आहे, तेव्हा मेसेजच्या भरवशावर धडा सोडणाऱ्याचे मार्क मात्र नक्की संपतील.

आता दुहेरी बंध. हा नियम आम्हालाही असाच शिकवला होता, आणि तो खोटा नव्हता, अर्धा होता. सिलिकॉनचा अणू मोठा, त्याची पी-कक्षकं (कक्षक म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन राहतात तो भाग) शेजाऱ्याच्या कक्षकांवर आडवी नीट बसत नाहीत. त्यामुळे दुहेरी बंध झाला तरी कमकुवत, आणि असे दोन रेणू भेटले की तो मोडून साखळी किंवा कडं तयार होतं. म्हणजे अडचण बंध होण्यात नव्हती, टिकण्यात होती. त्यावर तोडगा साधा: सिलिकॉनभोवती इतके धिप्पाड गट बसवा की दुसऱ्या रेणूला जवळ यायला जागाच राहू नये. १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट वेस्ट यांनी तसं करून सिलिकॉन-सिलिकॉन दुहेरी बंधाचा टिकाऊ रेणू मिळवला. त्याच वर्षी जपानमध्ये योशिफुजी यांनी फॉस्फरसचा. २००४ साली सेकिगुची यांच्या गटाने सिलिकॉनचा तिहेरी बंध दाखवला, आणि २०१२ साली जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग इथे ब्राउनश्वाइग यांच्या गटाने बोरॉनचा. त्या बोरॉनच्या संयुगाचे स्फटिक पाचूसारखे हिरवे आहेत. आणि शंभर वर्षांचंच म्हणत असाल तर दोन बेरिलियम अणू थेट एकमेकांना जोडलेला स्थिर रेणू ऑक्सफर्डमधून जगासमोर आला तो २०२३ साली. भाचा तेव्हा शाळेत होता.

मला सगळ्यात आवडतो तो हायड्रोजनचा मुद्दा, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार.

हायड्रोजनचा रेणू तोडायला एकाच ठिकाणी दोन गोष्टी लागतात: एक रिकामं कक्षक, जे त्याच्या बंधातले इलेक्ट्रॉन ओढून घेईल, आणि एक भरलेलं, जे उलट बाजूने त्यात इलेक्ट्रॉन ढकलेल. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्याने द्यायचं. डी-ब्लॉकच्या धातूंकडे हे दोन्ही हात असतात आणि त्यांच्या ऊर्जा जवळजवळ असतात. पॅलेडियम, प्लॅटिनमचा भाव त्याचाच. बोरॉनला फक्त घेता येतं, फॉस्फीनला, म्हणजे फॉस्फरसच्या संयुगाला, फक्त देता येतं, आणि दोघं समोरासमोर आले की एकमेकांनाच घट्ट धरून बसतात. हायड्रोजनकडे बघायला कोण मोकळं राहतंय?

पण धरताच आलं नाही तर? आपल्याकडे नवरात्रात मैदानावर बघा. भरगच्च घेराचे घागरे घातलेल्या दोघी समोरासमोर आल्या की घेरच एकमेकांना भिडतात, हात मात्र पुढे केलेले तसेच राहतात. मधून एखादं पोर धावलं तर दोघींच्या तावडीत सापडतं. कॅनडात डग्लस स्टीफन यांच्या गटाने २००६ साली रेणूंत हेच दाखवलं. एकाच रेणूत एका टोकाला फॉस्फरस, दुसऱ्या टोकाला बोरॉन, दोघांभोवती अवजड कडी. साध्या तापमानाला हायड्रोजन सोडला की एक हायड्रोजन फॉस्फरस घेतो, दुसरा बोरॉन, आणि नारिंगी-लाल द्रावणाचा रंग उडून जातो. १०० अंशांच्या वर तापवलं की हायड्रोजन परत बाहेर. धातूचा कणही नाही. आणि दोघांचं न जमणं काही नवीन नव्हतं. अडचणीच्या जागी मिथिल गट असलेला ल्युटिडिन हा बेस (इलेक्ट्रॉन देणारा रेणू) ट्रायमिथिलबोरॉनशी जुळत नाही, हे ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९४२ सालीच नोंदवलं होतं. याच ब्राउनना पुढे १९७९ चं नोबेल मिळालं, बोरॉनसाठी. सोबत व्हिटिग यांना, फॉस्फरससाठी. ‘जमत नाही’ ही नोंद चौसष्ट वर्षं तशीच पडून होती.

स्टीफन यांच्या एक वर्ष आधी कॅलिफोर्नियात पॉवर यांच्या गटाने जर्मेनियमच्या एका संयुगावर साध्या दाबाला, साध्या तापमानाला हायड्रोजन घेऊन दाखवला होता. २००७ साली बर्ट्रांड यांच्या गटाने दोनच बंध असलेल्या कार्बनच्या अणूवर, म्हणजे कार्बीनवर, हायड्रोजन तर तोडलाच, वर अमोनियाही. २०१८ साली बोरॉनने नायट्रोजनला धरलं. हे सगळं माझ्या शिकवण्याच्या काळातलं आहे, पणजोबांच्या नाही.

कॅटॅलिस्टसाठी तर बडोद्याबाहेर फार लांब जायची गरज नाही. कोयलीच्या रिफायनरीत जड तेलाचे तुकडे करून पेट्रोल काढणारं जे युनिट आहे, त्यातला कॅटॅलिस्ट झिओलाइट आहे: मुख्यतः सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन. तिघंही पी-ब्लॉक. फर्टिलायझरनगरच्या खत कारखान्यात अमोनिया लोखंडावर होतो, ते डी-ब्लॉकचंच, मान्य. पण त्या लोखंडात पोटॅशियम आणि अॅल्युमिनाची (अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची) भर घातल्याशिवाय ते नीट चालत नाही.

नव्या कामातलं मला बिस्मथ आवडतं. तेच बिस्मथ, जे पोटाच्या अल्सरच्या औषधांत असतं. जर्मनीत म्युलहाइमला कॉर्नेया यांच्या गटाने २०२० साली ते तीन आणि पाच या संयुजांमध्ये ये-जा करायला लावून कार्बनवर फ्लोरिन बसवला. अशी ये-जा हीच तर पॅलेडियमची ओळख.

इथे मेसेजवाल्याला एक गोष्ट द्यायला हवी. यातले बरेच रेणू ग्लोव्हबॉक्सच्या (हवा न शिरू देणाऱ्या बंद पेटीच्या) बाहेर काढले की हवेने खराब होतात, आणि बोरॉनने धरलेल्या नायट्रोजनवर उद्या खताचा कारखाना चालणार नाही. ज्या बातम्यांत ‘आता महागड्या धातूंची गरजच नाही’ असं छापतात, त्याही मेसेजच्याच बहिणी. पण उद्या कारखाना निघणार नाही आणि शोधायला काही उरलं नाही, ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

निष्क्रिय वायूंचं काय बोलायचं. झेनॉनचं संयुग बार्टलेट यांनी १९६२ साली केलं, आणि ते जुन्या पुस्तकात होतंच. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढंही पान उलटलं नाही. आर्गॉनचं २००० साली हेलसिंकीत, अतिशीत अवस्थेत. हेलियम आणि सोडियमचं २०१७ साली, वातावरणाच्या दहा लाख पटींहून जास्त दाबाखाली.

भारतात कोणी नाही म्हणे. बेंगळुरूच्या आयआयएससीतल्या जेमिस यांनी बोरॉनच्या जोडपिंजऱ्यांतले (एकमेकांना जोडलेल्या पिंजऱ्यासारख्या रेणूंतले) इलेक्ट्रॉन मोजायचा नियम दिला, तो जगभर वापरतात. पुण्याच्या एनसीएलमध्ये सिलिकॉनच्या अशाच अनवट संयुगांवर काम होतं. रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी पुणं.

राहिलं पाठांतर. हा आरोप मात्र विषयावर नको, आमच्यावर करा. ऑक्सिआम्लांच्या रचना मीही पोरांकडून घोकून घेतल्या आहेत. त्या रात्री भाच्याला मी फक्त दोन आकडे दिले. अमोनियातल्या दोन हायड्रोजन-बंधांमधला कोन १०७.८ अंश, फॉस्फीनमधला ९३.६. आणि विचारलं, का?

तो म्हणाला, "अणू मोठा म्हणून."

"मोठा झाला तर कोन का कमी व्हावा?"

मग वहीत कक्षकं काढली. खालच्या ओळीत एस-कक्षक बाजूला राहतं, पी-कक्षकांत फारसं मिसळत नाही, आणि नुसती पी-कक्षकं एकमेकांना ९० अंशांवर असतात. सिलिकॉनचा तिहेरी बंध अॅसिटिलीनसारखा सरळ न राहता वाकडा का असतो, त्याचंही मूळ इथेच, हे मी बोलून गेलो. त्याचं लक्ष नव्हतं. त्याने खाली आर्सीन आणि स्टिबीन (आर्सेनिक आणि अँटिमनीची तशीच संयुगं) लिहिलं, समोर ‘९१? ९०?’ असं मांडलं आणि माझं जुनं पुस्तक ओढून तक्ता काढला. ९१.८ आणि ९१.३.

"स्टिबीनचा चुकला," तो म्हणाला, आणि बिस्मथचा किती असेल ते लिहायला लागला.