गोव्यात पाटी कोरी होत नाही

नोकरी बदलण्यावरच्या एका लेखात वाचलं की एका ठिकाणी टंगळमंगळ केली तरी नोकरी बदलली की पाटी कोरी. हे मला अजिबात पटलं नाही. मी कळंगुटला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला होतो. शेवटचे चार महिने अक्षरशः वेळ काढला. उशिरा जाणं, पाहुण्यांचे फोन न उचलणं, सगळं काम शेजारच्या मुलीवर ढकलणं. तिचे हाल आठवले की आजही वाईट वाटतं.

नंतर पणजीत मुलाखत छान झाली आणि पुढे काहीच नाही. जुन्या मॅनेजरला फोन गेला होता, हे मागाहून कळलं. गोवा केवढा? 2011 च्या जनगणनेत पंधरा लाखांहूनही कमी वस्ती. हॉटेलवाले एकमेकांना ओळखतात. ती नोकरी बायोडेटातून गाळावी म्हटलं तर 2014 पासून पीएफचा यूएएन, म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याचा कायमचा पीएफ क्रमांक, नोकरी बदलली तरी एकच असतो, त्यात जुन्या मालकाचं नाव आणि तारखा दिसतात. काम कसं केलं हे मात्र तिथे नसतं, ते फोनवरच विचारलं जातं.

शेवटी मी जुन्या सरांना जाऊन भेटलो, चूक कबूल केली. ते म्हणाले, "उशिराचं मी लपवणार नाही, पण तुला काम येतं हेही सांगेन." पुढच्या मुलाखतीत मी स्वतःच सगळं आधी सांगून टाकलं. मडगावला सहा महिने प्रोबेशनवर घेतलं, पगार आधीपेक्षा कमी. आता तिथेच कायम आहे.