दहाव्याच्या दिवशी मी अंगणात उभा होतो

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेच करायला सांगितलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातही त्या पावसाळ्यात ठराव झाला. हात वर केलेल्या माणसांचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला आणि चार दिवस वाद चालला. एक काका म्हणाले, बायकांच्या रीतीभातीत पंचायतीनं पडू नये. दुसऱ्यानं लिहिलं, कागदावर सगळंच होते. मी म्युनिकहून लांबलचक उत्तर लिहिलं आणि शेवटी म्हटलं, "विचार एकदा पटला की माणूस तसाच वागतो. इथले लोक पाहा, जे मानतात तेच करतात."

ते वाक्य मी तेव्हा मनापासून लिहिलं होतं. आज ते मला खरं वाटत नाही.

गेल्या वर्षी फाल्गुनात बाबा गेले. मी तिसऱ्या दिवशी नागपूरला उतरून गावी पोचलो. दहाव्याला नाल्यावर पिंड ठेवले, कावळा शिवला, आम्ही घरी परतलो. मागच्या आवारात न्हाणीजवळ बायका जमल्या होत्या. आई पाटावर बसलेली, समोर पाण्याची घागर आणि पाटाशेजारी वरवंटा. तो कशासाठी आणला होता हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

अंगणात मांडवाखाली ठरावाला हात वर केलेले निदान चौघे बसले होते. मी तर तो ठराव पाठ म्हणून दाखवला असता. तरी मी जागचा हललो नाही. बापाच्या दहाव्यालाच पोरानं तमाशा केला असं लोक म्हणतील, आईला आणखी अवघडल्यासारखं होईल, कोणीतरी मोठं माणूस बोलेलच, असे विचार एका मिनिटात डोक्यातून गेले. प्रत्येकात थोडं तथ्य होतं. पण सगळ्यांचा मिळून अर्थ एकच होता, की मी उभाच राहणार होतो.

उठली ती आत्या. बाबांची थोरली बहीण. बत्तिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परतली, त्याला आता एकतीस वर्षं झाली. कोणी कामाला निघालं की ती अजूनही दारातून बाजूला होते, आपलं तोंड आधी दिसू नये म्हणून. ठराव झाला तेव्हा "पाप लागते" म्हणणाऱ्यांत ती होती. त्या दुपारी तिनं वरवंटा उचलला, स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, परत येऊन आईसमोर बसली आणि आईचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले. "आंघोळ घाला तिले," एवढंच म्हणाली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आत्या सगळ्यांत वडील, कोणी वाद घातला नाही. आईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच राहिल्या.

संध्याकाळी मी तिला विचारलं, आत्या, तुला तो ठराव आठवला होता का? "कायचा ठराव, बाबू?" ती म्हणाली. "माह्या भावानं भरून देल्ल्या होत्या त्या. फोडू द्याले माहा जीव नाई झाला."

त्यानंतर म्युनिकला परतलो तेव्हा इथल्या लोकांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. जर्मनीत पाण्याच्या, बिअरच्या बाटल्या रस्त्यात क्वचितच पडलेल्या दिसतात. गावी मी हे मोठ्या कौतुकानं सांगत असे, स्वच्छता यांच्या रक्तात आहे म्हणून. खरं कारण असं, की एकदा वापरायच्या बहुतेक बाटल्यांवर २५ सेंट अनामत द्यावी लागते आणि बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ते पैसे परत मिळतात. हा नियम २००३ पासूनचा. कोणी टाकलेली बाटली दिसलीच, तर दुसरा कोणी गरजू ती उचलून नेतो. हीच माणसं ३१ डिसेंबरच्या रात्री फटाके उडवतात आणि सकाळी रस्ते कागदांनी, काचांनी भरलेले असतात. फटाक्याच्या कागदावर अनामत नाही.

यापेक्षाही लख्ख उदाहरण अवयवदानाचं. जर्मनीत अवयव द्यायचे असतील तर स्वतःहून तसं नोंदवावं लागतं. शेजारच्या ऑस्ट्रियात उलट आहे, द्यायचे नसतील तर तसं कळवावं लागतं. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टाइन यांनी २००३ मध्ये दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडले. जर्मनीत संमती १२ टक्के, ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के. भाषा एक, धर्म एक, मरणाबद्दलच्या समजुतीही साधारण सारख्याच. फरक नियमात होता, काहीच न करणाऱ्या माणसाची गणना कुठे होते यात. जानेवारी २०२० मध्ये जर्मन संसदेसमोर ऑस्ट्रियासारखी पद्धत आणण्याचा प्रस्ताव आला आणि तो फेटाळला गेला. त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर आम्ही सहा जण होतो. सहाही जणांना अवयवदान योग्य वाटत होतं, पण कार्ड भरलेलं एकाकडेच होतं. माझ्याकडेही नव्हतं.

म्हणून "तिकडचे लोक बोलतात तसे वागतात" असं गावी कोणी म्हटलं की मी आता मान डोलावत नाही. त्यांनी बरंचसं वागणं माणसाच्या मतावर सोडलेलं नाही, इतकंच म्हणता येईल.

आत्याचं कोडं यानं सुटत नाही. तिच्यासाठी कोणी नियम केला नव्हता, आणि केला होता तो तिला मान्य नव्हता. तिच्यामुळे मला रिचर्ड लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाची गोष्ट आठवते. १९३० च्या सुमारास अमेरिकेत चिनी माणसांबद्दल उघड द्वेष होता. तेव्हा हा एका चिनी जोडप्याला सोबत घेऊन देशभर फिरला. २५१ हॉटेलं आणि खानावळी झाल्या, नकार एकाच ठिकाणी मिळाला. पुढे त्यानं त्याच ठिकाणांना पत्र लिहून विचारलं, तुम्ही चिनी गिऱ्हाइकाला घ्याल का? उत्तर पाठवणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक नाही म्हणाले. पत्रातला 'चिनी' हा नुसता शब्द होता. दारात आलेली माणसं मात्र थकलेली होती, भुकेली होती, हसून बोलत होती. आत्याही 'विधवा' या शब्दाबद्दल जुनंच बोलत आली. पाटावर बसलेली तिची भावजय होती.

पण आत्याचं वागणं पाहून विचारांना काडीची किंमत नाही असं मी म्हणणार नाही. प्रत्येक घरात आत्या नसते. शिवाय तिला तिच्या वेळी कोणी आत्या मिळाली नव्हती.

चुकलं ते दुसरीकडे, असं मला वाटतं. जुन्या रीतीत प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. पाणी कोणी आणायचं, पाट कोणी मांडायचा, वरवंटा कोणी उचलायचा, हे न सांगता होतं. आमच्या ठरावात काय करायचं नाही एवढंच लिहिलं होतं. उठायचं कोणी, हे कोणाच्याही नावावर नव्हतं. सगळ्यांच्या हातांनी मंजूर झालेली गोष्ट त्या दुपारी एकाचीही नव्हती. विचार माझ्याजवळ होता, पण त्याला पाय ठेवायला जागा मी कधी केलीच नव्हती.

आमच्याच मातीत हे ओळखणारी माणसं होऊन गेली. गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत मोडली ती भाषण देऊन नव्हे, गोडाचा स्वयंपाक करून. पानात काय पडणार हे आधीच ठरलं होतं. आणि वरोऱ्यात बाबा आमटे. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना मैल्याची टोपली डोक्यावर घेतलेला माणूस, आपण कशाला भीत नाही असं मानणारा. पावसात रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून तो पळाला. मग आपल्याच भीतीनं बेचैन होऊन परत गेला आणि त्याची सेवा केली. आनंदवन त्यानंतरचं आहे. आपण काय मानतो याचा खरा पत्ता त्यांनाही पळाल्यावरच लागला, हे मी त्या दहाव्यानंतर अनेकदा मनाशी म्हटलं आहे.

"तू तिथं राहतोस, तुले बोलाले काय जाते," असं ग्रुपवर मला अजूनही ऐकवतात. त्यात खोट नाही. गावात राहणाऱ्याला रोज ज्यांची तोंडं पाहायची, त्यांच्यासमोर उठावं लागतं. मला विमान असतं. म्हणून यंदा ग्रुपवर काही लिहिलं नाही. अवयवदानाचं कार्ड भरून पाकिटात ठेवलं. सरपंचांना फोन करून विनंती केली, की ठरावाखाली वॉर्डातल्या दोन-दोन बायकांची नावं लिहा. कोणाकडे मयत झाली की त्यांनी त्या घरी जायचं आणि दहाव्यापर्यंत त्या बाईच्या शेजारी बसायचं. तीन वॉर्डांपैकी दोन वॉर्डांत नावं मिळाली आहेत.

संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू ठेवलं आहे. आई वाण देणार आहे. आत्या ऐनवेळी "मी काहून येऊ" म्हणून मागच्या खोलीत जाऊन बसेल, हे आम्ही धरून चाललो आहोत. तिला हात धरून आणायचं काम माझ्या बहिणीकडे आहे, पहिलं कुंकू लावायचं काकूकडे. मी सुट्टी टाकली आहे. बांगड्या भरायला गावातला कासार यायचा आहे, आणि परवा त्यानं आईला फोनवर माप विचारलं, सव्वादोन की अडीच. आईला सांगता आलं नाही. आत्याच्या हाताचं माप घरात कोणालाच आठवत नाही.