घाट टाळला म्हणून यात्रा बुडाली?

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि रोखठोक आहे, त्यामुळे उत्तरही जरा ऐसपैस देतो. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा असा: फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरचे पिरेनीज डोंगर ओलांडताना मी वरच्या खिंडीतून न जाता वाल्कार्लोसच्या खालच्या रस्त्याने गेलो, सॅक गाडीने पुढे धाडली, आणि ख्रिस्ती नसूनही कामिनोला, म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागो या तीर्थक्षेत्राच्या पायी वाटेला, ‘माझी यात्रा’ म्हणालो. म्हणजे ‘अवघड तेवढं गाळायचं आणि पुण्य पदरात पाडून घ्यायचं’, असं तुमचं म्हणणं. तुम्ही सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेले आहात, त्यामुळे राग कुठून आला ते समजतं. पण त्या वाटेचा इतिहास तुमच्या बाजूने साक्ष देणार नाही.

आधी खिंडीचं बघू. फ्रान्समधल्या सँ-झाँ-पिए-द-पोर या गावातून स्पेनमधल्या रोन्सेसव्हायेसच्या मठापर्यंत जायला दोन वाटा आहेत. वरची ओरिसोंवरून जाते. जेमतेम 170 मीटरवरून निघून लेपोएदेर खिंडीत साधारण 1430 मीटरपर्यंत चढते आणि मग मठाकडे उतरते. सगळं मिळून 25 किलोमीटरच्या आसपास. खालची वाट दरीतून आर्नेगी, वाल्कार्लोस करत इबान्येताच्या खिंडीत येते. ती 1057 मीटरवर. सगळ्यांच्या फोटोंत असते ती वरची: कुरणं, मेंढ्या, गळ्यात घंटा बांधलेले घोडे, खाली ढग. तिला नेपोलियनचं नाव पडलंय, कारण त्याच्या फौजा तिथून गेल्या. संतांच्या नावाची वाट सोडून मी पळालो, असं तरी झालेलं नाही.

आता बाराव्या शतकात चला. ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ या हस्तलिखिताच्या पाचव्या भागात सान्तियागोच्या यात्रेकरूंना मार्गदर्शन केलेलं आहे. लिहिणारा बहुधा फ्रेंच पाद्री, आणि स्वभावाने महातिरसट. नाक्यावर पैसे उकळणाऱ्यांना तो शिव्याशाप देतो, नावाड्यांना देतो, बास्क आणि नवार लोकांबद्दल तर आज छापवणार नाही असं लिहितो. हा माणूस सीझच्या डोंगराबद्दल, म्हणजे तुमच्या लाडक्या वरच्या वाटेबद्दल सांगतो की चढ आठ मैलांचा, उतार आठ मैलांचा, आणि वर पोचलं की हाताने आभाळाला शिवता येईल असं वाटतं. आणि लगेच पुढे म्हणतो की या डोंगराच्या उत्तरेला सम्राट शार्लमेनच्या नावाची दरी आहे, म्हणजे माझं वाल्कार्लोस, आणि डोंगर चढायची इच्छा नसलेले पुष्कळ यात्रेकरू तिकडून जातात. पुष्कळ! दिसेल त्याला फैलावर घेणाऱ्या या गृहस्थाने त्या लोकांना एका शब्दानेही हिणवलेलं नाही. तुम्ही मात्र आठ-नऊशे वर्षांनी ते काम पूर्ण केलंत.

शिवाय मी गेलो मार्चमध्ये. 1 नोव्हेंबर ते 31 मार्च वरची वाट स्पेनमधल्या नवारा प्रांताच्या सरकारने बंद ठेवलेली असते आणि बंदी मोडणाऱ्याला दंड होतो. तिथे धुक्यात आणि बर्फात माणसं दगावलेली आहेत. ‘हिंमत असेल तर बंदीतही जातात लोक’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. जातात, आणि मग त्यांना शोधायला रात्री दुसऱ्याच कुणाला तरी जावं लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात गडांवर हेच चालतं. बचाव पथकात तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्यासमोर हे वाक्य एकदा म्हणून बघा.

आणि खालची वाट सोपी हा समज तर ती न चाललेल्यांचाच. वाल्कार्लोस गाव 365 मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ सातशे मीटरचा चढ त्या गावानंतरच शिल्लक असतो. बराच वेळ आपण डांबरी रस्त्याच्या कडेने चालतो, पांढरी पट्टी आणि दगडी कठडा यांच्यामधल्या फूट-दीड फुटात. वळणावर ट्रक आला की अंग चोरून कठड्याला चिकटायचं; कठडा ओला, शेवाळलेला, जॅकेटची बाही हिरवी होते. मग वाट रस्ता सोडून बीच नावाच्या झाडांच्या जंगलात शिरते. गेल्या हिवाळ्याचा पाचोळा घोटाभर साचलेला असतो, त्याखाली दगड आहे की चिखल ते पाय टाकल्यावरच कळतं. या टप्प्यात फोटो काढण्यासारखं काहीही नाही, हे मान्य.

वर इबान्येताला छोटं चॅपल आहे. आताची इमारत विसाव्या शतकातली, पण त्या जागी फार पूर्वी मठ होता आणि धुकं पडलं की वाट चुकलेल्यांसाठी तिथली घंटा वाजवत राहायचे. बाराव्या शतकात खिंडीच्या खाली रोन्सेसव्हायेसला रुग्णालय आणि धर्मशाळा उभी राहिली. तिथलं सर्वांत जुनं चॅपल आहे ते वाटेत मेलेल्या यात्रेकरूंची हाडं ठेवायच्या जागेवर. घंटा, खाट आणि स्मशान, तिन्हींची सोय ज्यांनी करून ठेवली, त्यांच्या लेखी ही खिंड म्हणजे यात्रेकरूची परीक्षा नव्हती. जिवंत पार व्हायचं संकट होतं ते.

सॅकचं थोडक्यात. हो, गाडीने पाठवली. आषाढीला दिंडीमागे ट्रक असतो. तंबू, भांडी, वळकट्या त्यातून जातात, आणि म्हणून कुणी वारकऱ्याला खोटा म्हणत नाही. मध्ययुगात ऐपतदार यात्रेकरू घोड्यावरून जायचे. काही तर मृत्युपत्रात पैसे ठेवून आपल्या नावाने दुसऱ्यालाच चालायला लावायचे. फ्लँडर्सच्या, म्हणजे आताच्या बेल्जियमकडच्या, शहरांत गुन्हेगाराला शिक्षा म्हणून सान्तियागोला पाठवत. सॅकच्या वजनावर यात्रा मोजायची ठरवली तर या सगळ्या मंडळींचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. राहता राहिलं यात्रा पुरी केल्याचं प्रमाणपत्र: सान्तियागोच्या कार्यालयात पायी येणाऱ्याचे किमान 100 किलोमीटर तपासतात. पिरेनीज तुम्ही वरून ओलांडलात, खालून ओलांडलात की ओलांडलेच नाहीत, याची तिथे कुणी चौकशी करत नाही. मग फसवणूक झाली ती नेमकी कुणाची?

तुमचा तिसरा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘श्रद्धा नसेल तर ते पर्यटन, यात्रा म्हणू नका.’ रोन्सेसव्हायेसच्या त्या धर्मशाळेची स्तुती करणारी मध्ययुगातली एक लॅटिन कविता आहे. तीत म्हटलंय की हे दार सगळ्यांना उघडं आहे, आजाऱ्यांना आणि धडधाकटांना, फक्त कॅथलिकांना नव्हे तर मूर्तिपूजकांना, ज्यूंना, पाखंड्यांना, रिकामटेकड्यांना आणि उथळ माणसांनाही. मूर्तिपूजकाच्या घरात जन्मलो आहे आणि रिकामटेकडा असल्याचं घरचे रोज सांगतात, त्यामुळे त्या यादीत मी निदान दोन जागी बसतो. अर्थात ही यादी करणारे श्रद्धावंत होते, माझ्यासारखे काठावरचे नव्हते. दार उघडं ठेवणाऱ्याला श्रद्धा लागते, आत येणाऱ्याकडे ती मागितली जात नाही, असा तो हिशेब मला दिसतो. संध्याकाळच्या यात्रेकरूंच्या प्रार्थनेला मी मागच्या बाकावर बसलो. प्रसादाच्या रांगेत गेलो नाही, कारण तो कॅथलिकांचा संस्कार आहे आणि तिथे मी पाहुणा. शेवटी पाद्रीबाबांनी त्या दिवशी आलेल्यांचे देश वाचून दाखवले आणि सगळ्यांना एकत्र आशीर्वाद दिला. तुम्हाला हवं तर याला पर्यटन म्हणा, मी भांडणार नाही. मी यात्रा म्हणणार.

तुम्ही ताजा कलम टाकलाय की मे महिन्यात जायचा विचार आहे. मग वरूनच जा, खुशाल. एका दिवसात सगळा चढ नको असेल तर आठेक किलोमीटरवर ओरिसोंला मुक्काम करता येतो, पण खाटा मोजक्याच, आधीच सांगून ठेवाव्या लागतात. पुढे वारा जोराचा आणि आडोसा जवळपास नाही. मे असला तरी विंडचीटर सॅकच्या तळाशी कोंबू नका. सकाळी निघण्याआधी यात्रेकरू कार्यालयातल्या स्वयंसेवकांना हवामान विचारा आणि ते नको म्हणाले तर ऐका. लेपोएदेरहून उतरायला पुन्हा दोन फाटे आहेत: डावा जंगलातून सरळ कोसळतो, पाऊस झाला असेल तर त्यावर घसरगुंडी होते. उजवा इबान्येताकडून वळसा घेऊन सावकाश येतो. गुडघे सांभाळायचे असतील तर उजवीकडे वळा. आणि तसं वळलात तर इथे येऊन लिहा, मी काही म्हणणार नाही.